मूठभर तांदूळ

आमच्या मिझोरामच्या डोंगरांत
आधण चढलं की बाई आधी
एक मूठ तांदूळ देवाच्या डब्यात टाकते.
बुहफाय थाम म्हणतो आम्ही.
शनिवारी मंडळीतल्या बाया दारोदार फिरतात,
डबे पोत्यात रिकामे करतात,
त्यातून कुठे पाळकांचा पगार निघतो,
कुठे शाळेवरचे पत्रे.

झाकली तर मोलाची म्हणतात मूठ.
माझी झाकायचीच नाही.
चौथ्या वर्षी चुलीत पडले,
उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली,
उरलेली आखडली, वाळल्या शेंगांसारखी.
तांदूळ उचलावा तर निम्मा जमिनीवर.

वडील, ह्रांगछुआना, मंडळीतले उपा,
ते स्तोत्र म्हणू लागले की बाक थरथरायचे.
घरी मात्र ते कोंबड्यांना हाक मारायचे,
"या गं या, थनसियामीनं सांडलंय तुमच्यासाठी."
सगळे हसायचे. आई पाठ फिरवून हसायची.
मीही हसायचे.
तेच सगळ्यांत वाईट.

थोरलीच्या लग्नात
पाहुण्यांना वाढू दिलं नाही मला.
"हाताला गुण नाही तिच्या," एवढंच.
परसात डुकराच्या भांड्यांना राख लावत
मी ऐकत होते आतली गाणी,
ढोल, टाळ्या, आमेन.

आणि देव?
तो बोलायचा वडिलांच्याच आवाजात.
वाटायचं, वर बसलाय कुणीतरी,
चष्मा नाकाच्या टोकावर,
सांडलेले दाणे मोजतोय.

मग त्या वर्षी पोतं घेऊन पी दारखूमी आली,
धुकं इतकं की आधी तिचं खोकणं दिसलं, मग ती.
डबा तिच्या पुढे सरकवत म्हटलं,
कमी आहे, माझा हात असा आहे.
ती काही बोलली नाही.
गुडघे कुरकुरत खाली बसली,
फटीतले दाणे नखानं उचलले,
फुंकर घातली, पोत्यात टाकले.
"हेही त्याचेच," म्हणाली,
आणि चहा मागितला. दोन कप प्यायली.

त्या रात्री मी उगाच
शुभवर्तमान उघडलं,
तो शिष्य, ज्याला पाहिल्याशिवाय पटेना,
आणि बंद दाराच्या आत उभा राहिलेला येशू.
शंभरदा वाचलेलं.
पण त्या रात्री मनात आलं ते भलतंच:
भोक पडलेल्या तळहातात
तांदूळ थांबला असता का?
त्याच्याही हातून सांडलाच असता.
मरणातून उठून आला,
तरी भोक बुजवलं नव्हतं त्यानं.
तसेच हात घेऊन आला,
घाबरलेल्या माणसांत,
आणि पुढे केले.

मी रडले वगैरे नाही.
कंदिलासमोर हात धरला
आणि बराच वेळ पाहिला.
आयुष्यात पहिल्यांदा, बहुतेक.

बरी झाले असं नाही म्हणत.
थोरलीचा फोन आला की
अजून पोटात गोळा येतो.
प्रार्थनेत वडिलांचं नाव घेताना
जीभ अडते, मग मी "ते" म्हणते,
देवाला कळतं कोण.

आता ते एक्क्याऐंशीचे.
डावी बाजू गेलीय, उजवी थरथरते.
भरवलेलं आवडत नाही,
स्वतः चमचा धरतात,
भात गळ्यावर, मांडीवर, खाली.
काल कोंबड्या आपोआप आल्या.

माझ्या जिभेवर ते वाक्य आलं,
जसंच्या तसं,
चाळीस वर्षं धार लावलेलं.
त्यांनाही कळलं असावं;
चमचा हवेतच थांबला,
पोरासारखे बघत राहिले माझ्याकडे.

मी ते गिळलं.
गिळलं म्हणते, पण खरं तर
कुणीतरी ते काढून घेतलं,
लहान मुलाच्या हातून सुरी काढावी
तसं, न ओरडता.

खाली बसले. दाणे वेचले.
फुंकर घातली.
"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मीठ आणायला उठले.
वाटेत डब्यात एक मूठ टाकली,
आज दुसऱ्यांदा.
निम्मी सांडली.

सांडू दे.